पालशेतच्या वळणावरचं आख्यान

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला पोचा आलाय आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी जागा होत नाही. पण माझा जन्म झाला तेव्हा मी चांदीसारखा चकाकत होतो. रत्नागिरीतल्या एका देवळाने मला उत्सवासाठी आणलं. झांजांचा नाद, बुक्क्याचा वास आणि गुरुप्रसादबुवांचा आवाज यांत मी लहानाचा मोठा झालो. बुवा कीर्तनाला उभे राहिले की लोक डोळे पुसत आणि माझंही कौतुक करीत, “काय स्वच्छ ऐकू येतं हो!”

पुढे देवळात बिनवायरीचा नवा माईक आला. मला अडगळीत टाकणार होते, पण बुवांचा जीव माझ्यावर. रविवारी ते सहलीच्या गाडीवर वाटाडे म्हणून जात. तिथे त्यांनी मला नेलं.

रत्नागिरी म्हणजे आमच्या जिल्ह्याची राजधानीच. सकाळी तिथून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने जयगड गाठायचं, गाडीसकट फेरीबोटीत बसून खाडी ओलांडायची आणि तवसाळवरून गुहागरला जायचं. वाटेत गुलाबी, पोपटी, निळी घरं लागतात आणि बंदरात होड्यांवर पताका फडफडतात. बुवा नुसती माहिती सांगत नसत. मधेच अभंगाची ओळ धरत आणि आख्यान लावत. गाडीचं देऊळ होऊन जाई. गाडीच्या टपावर मला जोडलेला कर्णा होता. त्यातून गावागावाला कळे की बुवांची गाडी आली.

एका रविवारी गोदाआजी गाडीत बसल्या. पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी. देवळातल्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या त्या. चढतानाच त्यांनी बुवांना सांगितलं की पालशेतला रस्त्यालगत त्यांच्या बहिणीचं, हेमाचं घर आहे. हेमाची नजर जात चालली होती. फोनवर रोज बोलणं होई, पण नजर पूर्ण जाण्याआधी तिला गोदाचं तोंड एकदा बघायचं होतं. आणि त्याच दुपारी मुलगा तिला कायमची पुण्याला नेणार होता. बुवांनी आजींचा हात हातात घेतला. म्हणाले, “आजी, गाडी तुमच्या बहिणीच्या दारात उभी करतो. हा माझा शब्द.”

फेरीबोटीतून उतरल्यावर बुवांनी आख्यान लावलं. वनात गेलेल्या थोरल्या भावाला धाकटा भेटायला निघतो, ते. त्या दिवशी बुवांचा गळा असा लागला होता की काय सांगू! प्रवासी टाळ्यांनी ठेका धरत होते. हेदवी गाव मागे पडलं. भावाभावांची भेट अगदी समोर आली, आणि तेवढ्यात पालशेतचं वळण मागे गेलं. बुवांचे डोळे मिटलेले होते.

आख्यानातली भेट पुरी होण्याआधीच गुहागर आलं आणि लोक उतरून समुद्राकडे पळाले. आजी जागेवरच बसून राहिल्या. बुवांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पालशेत मागे राहिल्याचं त्यांच्या ध्यानात आलं.

“आजी, मला हाक का नाही मारलीत?”

“आख्यान चालू होतं ना बुवा,” आजी म्हणाल्या. “मध्ये कोण उठतं?”

गाडी चालवणारा वजीर जयगडचा. तो खाली मान घालून म्हणाला, “मी आरशात बघत होतो, बुवा. आजी उठल्या नाय. मला वाटलं, परतताना थांबायचं ठरलं असेल. तुमची गोष्ट रंगलेली, ती तोडायची कशी?”

बुवांनी तिथल्या तिथे गाडी फिरवायला लावली. पालशेतला पोचलो तर हेमाच्या दाराला कुलूप. शेजारची निशिगंधा कुंपणाशी आली. ती सांगू लागली की हेमाकाकू सकाळपासून छत्री घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. मुलाला थांब थांब म्हणत राहिल्या. शेवटी तोही किती थांबणार?

“तुमच्या गाडीला त्यांनी हात केला होता,” ती म्हणाली. “दिसत नाय नीट, पण कर्ण्याचा आवाज ओळखला. फोनही लावला.”

फोन आजींच्या पिशवीत होता. माझ्या गर्जनेपुढे तो कुणाला ऐकू जाणार?

बुवा पायरीवर मटकन बसले. आजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तोच हात त्यांना सोसवेना. थोड्या वेळाने आजी म्हणाल्या, “उठा बुवा. भेट अर्धीच राहिलीय. आख्यान अर्धं ठेवू नये.”

बुवांनी गाडीत येऊन मला उचललं. बटण दोनदा दाबलं. मी जागा झालो. पण बुवांच्या तोंडून शब्द फुटेना. माझ्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत राहिला, आणि टपावरचा कर्णा तो श्वास साऱ्या वाडीला ऐकवत राहिला.

त्या दिवसापासून तो कर्णा उतरवला आहे. आता गाडी निघण्याआधी बुवा माझं तोंड प्रवाशांकडे करतात. कुणाला कुठे उतरायचंय, कोण वाट बघतंय, ते आधी ऐकतात. देवाची गोष्ट ते अजून सांगतात, पण प्रत्येक गावाआधी थांबतात. डोळे मिटत नाहीत.

मित्रांनो, माझी जाळी पुसा, वायर गुंडाळून ठेवा, एवढी काळजी घ्याच. पण मला हातात घेतलंत की अधूनमधून बंदही करा. मी बंद असलो की शेजारी बसलेल्याचा आवाज ऐकू येतो.