स्वतंत्र जागा

नवरा जाऊन चार महिने झाले, तरी शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणत, मनाची घट्ट आहे. कसली घट्ट! आतून नुसती बधिर झाली होती बाई. घास घशाखाली जायचा, मशीन चालायचं, कुणाच्या शर्टाची बाही उलटी जोडली जायची, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

त्यातच ती बाथरूममध्ये पडली. हाड वाचलं, पण मुलाने फर्मान काढलं. "आई, बास झालं. डॉक्टर पुढच्या महिन्यात बघणार आहेत. एका पायावर दहा सेकंद उभी राहिलीस तर ठीक. नाहीतर घराला कुलूप, आणि तू माझ्याकडे."

बाकी कशाचं काही वाटत नसलं, तरी हे घर सोडणं तिच्या जिवावर आलं होतं.

डॉक्टरांनीच 'ताई ची' या चिनी व्यायामाचा वर्ग सुचवला. संथ हालचाली, संथ श्वास, गुडघ्यांवर जोर नाही, तोल सुधारतो. तिला काय सांगता? नवरा सहा वर्षं त्याच वर्गाला जायचा. घरी आला की तिला पाठीमागे उभं करायचा. "मी करतो तसं कर. मास्तरांनी मला स्वतंत्र जागा दिलीये, उगाच नाही!" मग हातातली इस्त्री ठेवून तीही करायची, कुरकुरत का होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गाच्या हॉलमध्ये मधल्या रांगेत उभी राहिली. मास्तर पूर्वी क्रेन चालवायचे. आवाज अजून दणदणीत. "ढग सरकवा!" पंधरा जण हळूहळू डावीकडे निघाले. ही उजवीकडे. शेजारच्या पोस्टमनवर आदळलीच.

"काकू, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"ह्यांनी."

सगळ्यांनी रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग पोस्टमनला हसू आवरेना.

मास्तर म्हणाले, "मी समोरून आरशासारखं दाखवतो; माझा उजवा, तो तुमचा डावा. काकांनी माझा उजवा हात तोच आपला उजवा धरला. सहा वर्षं सांगून थकलो. शेवटी कोणाला लागू नये म्हणून त्या कोपऱ्यात उभं केलं, भिंतीपाशी."

"म्हणजे ही ती स्वतंत्र जागा? अगं बाई! थापाडा कुठला!" आणि ती खदखदून हसली.

"तुम्हाला सरळ शिकवू?"

"नको. मी तिथेच उभी राहते."

कोपऱ्यातल्या भिंतीचा रंग खांद्याच्या उंचीला घासून गेला होता. सहा वर्षं त्याचा हात तिथे लागत होता. तिने तिथे हात टेकवला, मग काढून घेतला आणि डावा पाय उचलला.

"मोजा, मास्तर."

चारला तिचे डोळे भरले. सातला ती हुंदके देऊन रडत होती. नवरा गेला होता, आणि ते तिला आत्ता कळत होतं. पाय मात्र हलला नाही.

"दहा! झाले, काकू. ठेवा पाय खाली."

"मोजा अजून," ती म्हणाली.