करडीतला शार्क आणि धुरपताबाईंचा उलटा हात

करडी गावच्या देवळापुढल्या मांडवात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. जन्मात कधी समुद्र न पाहिलेलं अख्खं गाव समुद्राचा चमत्कार पाहायला लोटलं होतं. पहिल्या रांगेतली जागा धुरपताबाईंनी सकाळीच पोतं अंथरून धरली होती, आणि शेजारी सुनेला, तृप्तीला, बसवलं होतं. तृप्ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिला सातवा महिना चालू होता.

समोर सागरनाथबाबा. दोन महिन्यांपासून गावच्या दुधातुपावर मुक्काम. त्यांच्यापुढे खाऱ्या पाण्याच्या दोन काचेच्या बरण्या, आणि प्रत्येकीत शार्क माशाचं एकेक अंडं, चपट्या तपकिरी पिशवीसारखं. मागून बॅटरीचा उजेड धरला की आतलं बाळ वळवळताना दिसे आणि बायका हात जोडत. एक बरणी साध्या पाटावर होती. दुसरी तांब्याच्या चौरंगावर, भगव्या कपड्यात गुंडाळलेली. तिच्यावर बाबा रोज मंत्र फुंकत.

"दोन्ही अंडी एकाच दिवशीची!" बाबा गरजले. "पाटावरचं बाळ अजून झोपलंय. मंत्राचं बाळ पाहा, अंडं फोडून तीन आठवडे आधी अवतरलं! समुद्राच्या राजाला मी घाई लावली, तिथे माणसाचं काय? चौरंगाला मात्र कोणी हात लावू नका. जागच्या जागी भस्म व्हाल!"

बाबांनी कपडा किंचित सरकवला. बरणीच्या तळाशी वीतभरही नसलेला एक मासा धापा टाकत पडला होता. मांडवात जयजयकार झाला.

धुरपताबाईंचा जीव भांड्यात पडला. पूर्ण दिवसांनी जन्मलं तर नातवंड वाईट नक्षत्रावर येईल, असं बाबांनीच सांगितलं होतं. उपायही त्यांचाच होता: तापल्या वाळूचा 'सागरपट्टा' तृप्तीच्या पोटाला बांधायचा, की बाळ अमावास्येच्या आत हजर.

"आई, मी नाही बांधणार," तृप्ती म्हणाली. "सातव्यात झालं तर लेकराचा जीव जाईल."

"काहून वं? तू माह्यापेक्षा शहाणी हायेस का? धानाले ऊब देल्ली का मोड लवकर येते. लेकराचंबी तसंच."

आता धानाच्या बाबतीत करडीत धुरपताबाईंच्या वर कोणी नव्हतं. उन्हाळी धानाचं बियाणं ऐन थंडीत भिजवून पोत्यात दडपलं, की गाव त्यांना बोलवायचं. त्या पोत्याखाली उलटा हात सारत आणि आत ऊब किती ते सांगत. चाळीस वर्षांची सवय ती. बाबांच्या पाया पडायला वाकल्या, आणि भस्मबिस्म विसरून उलटा हात आपसूक भगव्या कपड्याखाली गेला.

"अय माय!" त्या ओरडल्या. "हे त दडपलेल्या पोत्यावानी गरम हाये!"

"मंत्राची ऊब आहे ती, माई!" बाबा घाईघाईने म्हणाले.

धुरपताबाईंनी कपडा ओढला. चौरंगाखालून एक काळी वायर निघून थेट बाबांच्या आसनाखाली गेली होती. धुरपताबाईंनी ती चिमटीत धरून वर उचलली.

"मंत्राले वायर कायले लागते जी?"

मांडवात हशा पिकला. तृप्ती उठली. तिने पाटावरच्या अंड्यामागे बॅटरी धरली. "हे पाहा. ह्याच्या पोटाशी पिवळा गोळा हाये. ती त्याची शिदोरी. थंड पाण्यात लेकरू सावकाश खाते, सावकाश वाढते. गरम पाण्यात अंगाची घाई होते, शिदोरी भरभर सरते, अन् लेकरू लहान, थकलेलंच बाहेर पडते. खरा समुद्रबी तापून राहिला, माणसाच्या धुरानं. शार्कची पिल्लं अशीच अशक्त निपजतील, हीच शास्त्रज्ञांची चिंता हाये. ज्याची काळजी करायची, त्याची हे बाबा आरती करून राहिले!"

धुरपताबाईंनी वाकून त्या धापा टाकणाऱ्या पिल्लाकडे पाहिलं. पोत्यात गरमी जास्त झाली तर काय होतं, ते त्यांना कोणी शिकवायला नको होतं. मोड लांबतात, पिवळे पडतात, आणि पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, शेतात माना टाकतात. त्यांना सुनेच्या पोटाकडे बघवेना. स्वतःची भयंकर लाज वाटली.

मग त्यांनी बाबांच्या आसनाजवळ तयार ठेवलेला सागरपट्टा उचलला.

"बांधा ह्याच्याच पोटाले! दोन महिने तूप खाल्लं हाये, पाहू केव्हा बाळंत होते!"

बाबा दिवस भरण्याची वाट न पाहता मांडवातून निसटले. बरण्यांतलं पाणी खारट करायची समुद्री मिठाची पिशवी तेवढी मागे राहिली.

मंत्राचं पिल्लू दुसऱ्या दिवशी मेलं. दुसरी बरणी तृप्तीने त्याच मिठावर शाळेत सांभाळली. तीन आठवड्यांनी त्यातून ठणठणीत पिल्लू निघालं आणि नागपूरच्या एका मत्स्यालयात गेलं. तृप्तीला नवव्या महिन्यात मुलगी झाली, नेमकी अमावास्येला, आणि तिच्या रडण्याने शेजारच्या म्हशी बिथरल्या. नक्षत्र कोणतं, हे विचारायला धुरपताबाई विसरून गेल्या.

वाचकहो, हात लावू नका म्हणून कोणी भस्माची भीती घातली, तर आधी कपडा उचलून पाहा. आणि वाढणाऱ्या जिवाला त्याचा वेळ घेऊ द्या.