मालनताईंच्या हळदीचे खुरपे

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. संगमेश्वरजवळच्या लोहाराने मला घडवले. १९९४ साली मालनताईंनी मला साड्यांत गुंडाळून कुवेतला आणले. सोबत हळदीचे थोडे गड्डे होते. त्यांचे पती राजाभाऊ अहमदीला तेल कंपनीत इंजिनिअर होते. घरामागे नुसती वाळू. जवळच्या फहाहीलच्या बाजारातून खताच्या गोण्या आणून ताईंनी कडुनिंबाच्या सावलीत वाफा केला.

थंडीत पाने पिवळी पडून लवली, की मी गड्ड्यांच्या कडेने हलकेच मातीत उतरायचे. ताई ओल्या हळदीचे लोणचे घालत आणि चांगले डोळे असलेले गड्डे उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा लावत. पातोळ्यांसाठी पाने न्यायला येणाऱ्या शेजारच्या सुरैयाबाई म्हणत, "मालन, तुझं हे खुरपं म्हणजे सोनं आहे गं!"

२००३ साली शेजारच्या देशात युद्धाची चिन्हे दिसू लागली. राजाभाऊंनी ताईंना गावी पाठवले. जाण्यापूर्वी ताईंनी हळद लावली. गावी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि त्या गेल्या.

राजाभाऊ दिवसकार्य उरकून एकटेच परतले. वाफ्याला पाणी घालत, पण मला हात लावत नसत. मी कुंपणाशी गंजत पडले. कॅनडाला शिकणाऱ्या त्यांच्या मुलीचा, जुईलीचा फोन येई. "आय ॲम फाइन, बाबा," एवढेच ती म्हणे, आणि घर पुन्हा मुके होई.

दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या वर्षी जेमतेम चार पाने फुटली.

"भाऊ, हळद काढा आता. आत कुजतेय ती," सुरैयाबाई म्हणाल्या.

"मालनने लावलेली शेवटची आहे. राहू दे."

"राहायला हवी असेल, तर काढून परत लावावी लागेल."

राजाभाऊ कुंपणाशी आले. मग त्यांनी मला उचलले, विटेवर घासले. खणताना मऊ, काळे गड्डेच हाती येत होते. अगदी कडेला मूठभर गड्डे टणक निघाले. ते त्यांनी ओंजळीत धरले आणि तिथेच मातीत बसून रडले.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी ते नव्या जागी लावले. कोंब दिसले तेव्हा त्यांनी स्वतःहून जुईलीला फोन केला.

"आईची हळद उगवली गं."

मग ती मराठीत म्हणाली, "कशी लावलीत? सांगा ना, बाबा."

ते तासभर सांगत राहिले. मी त्यांच्या पायाशी होते, ओल्या मातीने माखलेले.

मित्रांनो, घरातले जुने अवजार गंजू देऊ नका. आणि घरात एकटे उरलेले माणूसही.