अर्धा सुळका

माझ्या डाव्या खांबाच्या पायाशी पाच बोल्ट होते. चार वाकले, पण जागचे हलले नाहीत. पाचवा मुळासकट बाहेर आला आणि येताना काँक्रीटचा नारळाएवढा सुळका घेऊन आला. तो सुळका एका बाजूने खडबडीत आणि गोल आहे. दुसऱ्या बाजूने, सुरीने वडी कापावी तसा, सपाट आहे.

मित्रांनो, मी मोटारगाड्या उचलणारी, दोन खांबांची एक जुनी लिफ्ट आहे. वयाने म्हणाल तर चारच वर्षांची. त्यांतली दोन वर्षे मी काम केले आणि दोन वर्षे कुलपात काढली. वापराने यंत्र झिजते, पण जुने होते ते बंद दाराआड.

माझा जन्म कुरुळीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. निळा रंग देण्यापूर्वी माझ्यावर पाच टनांची लोखंडी वजने ठेवून रात्रभर तशीच सोडली होती. सकाळी मी एका मिलिमीटरनेही खाली आले नव्हते. मग माझ्या अंगावर ‘क्षमता चार टन’ अशी पट्टी ठोकली गेली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे हा आकडा लागेल.

मला निवडायला दोघेजण आले. एक चऱ्होलीचा जयदीप. त्याच्या घराण्याच्या शेतांवर आता सोसायट्या उभ्या आहेत. त्याने नवे घर बांधले, तळमजल्यावर तेरा फूट उंचीचे गॅरेज ठेवले. जुन्या जीप सोडवून पुन्हा जुळवणे हा त्याचा छंद. दुसरे चिखलीचे ज्ञानदेवकाका, चाकणच्या कंपनीत एकतीस वर्षे देखभाल खात्यात फिटर असलेले. पाना कसा धरावा इथपासून सारे जयदीप त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

“काका, हीच घेऊ. चाकं मोकळी राहतात, खाली ताठ उभं राहून काम करता येतं.”

“चार खांबांची घे,” काका म्हणाले. “ती आपल्या पायांवर उभी राहते. हिला जमिनीने धरून ठेवावं लागतं.”

“तिनं सगळी जागा खाल्ली तर गॅरेजात गाडी राहील आणि मी रस्त्यावर!”

“राहा की. रस्त्यावर डोक्यावर जीप तरी पडत नाही.”

शेडमधले सगळे हसले. मग काका म्हणाले, “हे बघ, लिफ्ट निवडायची म्हणजे आधी जमीन निवडायची. जमीन तपासतो, मग होकार देतो.”

त्यांनी जमीन तपासली. गॅरेजात तीन ठिकाणी भोके पाडून काँक्रीटची जाडी मोजली. तिन्ही ठिकाणी सहा इंच भरली. जयदीपचे वडील भैरूअण्णा खुर्ची टाकून बघत होते. काकांनी त्यांना विचारले, “अण्णा, याच्या खाली काय आहे?”

“मुरूम हाय. आठ दिस पाणी मारून दाबलाय. हत्ती नाचवा राव!”

काकांनी वहीत लिहिले : खाली मुरूम, दाबलेला. प्रश्न बरोबर होता, उत्तरही खरे होते.

माझे खांब बसवताना जयदीपची बायको मोनिका म्हणाली, “काका, फरशा नव्या आहेत हो. लागतील तेवढ्याच काढा.” म्हणून पायाच्या पत्र्याएवढ्याच फरशा कापल्या गेल्या. भोवतालच्या तशाच राहिल्या. पाचही बोल्ट काकांनी स्वतः मोजून आवळले. पाचही बोल्टांनी ताण घेतला.

पुढची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती. खंडेनवमीला माझ्या दोन्ही खांबांना झेंडूच्या माळा चढत. कुणी पाहुणा आला की भैरूअण्णा त्याला आधी गॅरेजात आणत आणि सांगत, “आमचं पोरगं जीप डोक्यावर घेतंय, बघा!” दर रविवारी काका येत, बोल्टांना पाना लावून पाहत, वहीत तारीख घालत. मग दोघे माझ्याखाली उभे राहून चहा पीत. मी दोनशे बारा वेळा गाडी उचलली.

दोनशे तेराव्या वेळी, एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता, माझ्यावर दीड टनाची जीप होती. माझ्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी. ती पाच फुटांवर असताना माझा डावा खांब आत झुकला, गाडी पेलणारा माझा एक हात निसटला आणि जीप त्या बाजूने खाली आली. जयदीप चाकाचे नट सोडवत होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली.

दुसऱ्या दिवशी काका फाटकाशी आले. मोनिकाने जमिनीवर पडलेला तो बोल्ट, त्याला चिकटलेल्या सुळक्यासह, त्यांच्या हातात दिला. “हा घ्या तुमचा बोल्ट. आणि परत येऊ नका.” तिचा नवरा इस्पितळात होता. तिला दोष देणे सोपे आहे, मी देत नाही.

तरी काका आले. जयदीप घरी परतल्यावर चार वेळा आले. दर वेळी त्यांची मागणी एकच होती : “मला ते भोक एकदा बघू दे. सुळका अर्धाच का निघाला, ते भोक बघितल्याशिवाय कळणार नाही.”

चौथ्या वेळी जयदीप म्हणाला, “बोल्ट तुम्हीच आवळलेत ना, काका? मग अजून काय बघायचंय?”

त्यानंतर काका आले नाहीत. गॅरेजला कुलूप लागले. गावाने निकाल दिला की म्हातारा चुकला.

मित्रांनो, यंत्राला हृदय नसते. या विधानाशी मी सहमत आहे. फाटकाशी त्यांच्या चपलांचा आवाज येई, तेव्हा माझ्यात काहीही हलत नसे. हलायला हवे होते, असे मला आता वाटते.

गेल्या जानेवारीत ज्ञानदेवकाका हृदयविकाराने गेले. मला भंगारात काढायचे ठरल्याचे त्यांची मुलगी मिनल हिला कळले, तेव्हा ती फाटकाशी आली. तिच्या एका हातात सुळका होता, दुसऱ्या हातात वही.

“बाबांना जे बघायचं होतं ते मला बघू दे, दादा. पाच मिनिटं.”

जयदीपने डाव्या हाताने कुलूप काढले.

वहीत काकांनी अपघाताची संभाव्य कारणे लिहिली होती. बोल्ट आखूड, बोल्टचे पोलाद हलके, काँक्रीट कच्चे, वजन जास्त, अशी दहा. एकेक तपासून दहाही खोडली होती. मिनलने शेवटची ओळ मोठ्याने वाचली : “अकरावे कारण : मी.” ती खोडलेली नव्हती.

जयदीपने मान वळवली.

मिनलने गुडघे टेकून सुळका भोकात ठेवला. गोल बाजू नेमकी बसली. सपाट बाजूला लागून, फरशीच्या काठाखाली, वेगळ्या रंगाचे सिमेंट दिसले. ती फरशी उचकटू लागली, तशी दारातून जयदीपची आई गोजाबाई ओरडली, “अगं बाई, तिथं नगं! तिथं वास्तू पुरलाय!”

मिनलने फरशी सोडून वर पाहिले.

“कधी पुरलात, काकू?”

“वास्तुशांतीला. काँक्रीट फोडून, आग्नेय कोपऱ्यात. वर गवंड्यानं माल भरला, फरशी लावली.”

“बाबांना कुणी सांगितलं होतं?”

भैरूअण्णा गोंधळून म्हणाले, “त्यात सांगायचं काय, पोरी? आग्नेयला वास्तू असतोयच. समद्यांना ठाव असतंय.”

“आमच्यात पुरत नाहीत, अण्णा,” मिनल म्हणाली. “आमच्या नव्या घरात बुद्धवंदना झाली. बाबांना हे ठाऊक नव्हतं.”

जयदीप माझ्या झुकलेल्या खांबाला टेकून खाली बसला. “चार वेळा आले होते,” तो म्हणाला. पुन्हा तेच म्हणाला. ज्याने ऐकायला हवे होते, तो माणूस तिथे नव्हता.

मित्रांनो, उद्या मला तोडायला माणसे येतील. माझे एवढे ऐका. जमिनीत भोक पाडण्यापूर्वी त्या जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येकाला विचारा, घरातल्या आजीलाही. आणि एखादा माणूस कारण शोधायला दारात आला, तर त्याला आत येऊ द्या. तो दोषी असला तरी येऊ द्या.

मिनलने अकरावी ओळ खोडली. खाली बारावी लिहिली. ती अशी :

“पाचव्या बोल्टपासून आठ सेंटिमीटरवर वास्तुपुरुषाचा खड्डा, वरून मालाने भरलेला. बोल्टभोवती एक वीत सलग काँक्रीट हवे; या बाजूला ते नव्हते. दर उचलीला तडा वाढत गेला. बसवणाऱ्याला खड्ड्याची माहिती दिलेली नव्हती.”