तव्यावरून थेट ताटात

शनिवारी मी रिटायर झाले. मोरिवलीच्या औषध कंपनीत पॅकिंगला बत्तीस वर्षं काढली. कंपनीने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या बाईला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही तिला घड्याळ! विहारातल्या बायकांनी शाल दिली. घरी आल्यावर माझा मुलगा रूपेश म्हणाला, "आई, तुला काय पाहिजे ते सांग. काहीही. मी बोलतोय ना."

मी म्हटलं, "मला एक गरम भाकरी पाहिजे. मी न केलेली."

तिघंही हसले. तिघं म्हणजे रूपेश, त्याची बायको प्रीती आणि आमचे हे, राजेंद्र. मी विनोद केला नव्हता. भाकऱ्या करणारी बाई गरम भाकरी खात नाही, हे ज्याला सांगावं लागतं त्याने जन्मात कधी तव्याला हात लावलेला नसतो. पहिली ह्यांच्या ताटात, दुसरी रूपेशच्या, तिसरी प्रीतीच्या, मग परत ह्यांच्या. शेवटची माझी. ती टोपलीत टाकायची, तवा उतरवायचा, ओटा पुसायचा, पिठाचा डबा झाकायचा, आणि जेवायला बसेपर्यंत तीही माझ्यासारखीच दमून पडलेली असायची. प्रीती वाईट नाही, ती म्हणते 'आई, मी करू का', पण तिची भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन तुकडे होतात. "तुम्ही बसा, मी मागून जेवते." हे वाक्य मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून म्हणत आलेय. माझ्याबरोबर तेही रिटायर करायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

रूपेशने मोबाईलवर शोधून काढलं. अंबरनाथच्या हायवेला 'माजघर' नावाचं हॉटेल. चार पॉइंट आठ स्टार. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'तांदळाची भाकरी, तव्यावरून थेट ताटात'. ती ओळ मी दोनदा वाचली. म्हटलं, हेच.

रविवारी दुपारी आम्ही घरून, हेंद्रेपाड्यातून, रिक्षाने निघालो. मी निरोपाची साडी पुन्हा नेसले होते. सकाळी कोणालाही नाश्ता केला नव्हता, भूक राखून ठेवा म्हटलं.

हॉटेलच्या दारात ही गर्दी. शेणाने सारवल्यासारखा रंग मारलेल्या भिंती, प्लास्टिकची मक्याची कणसं टांगलेली, कोपऱ्यात जातं, आणि जात्यावर कोणीतरी हेल्मेट ठेवलेलं. आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं. थोड्या वेळाने एक मुलगी हातात कोड छापलेलं कार्ड घेऊन आली. "सर, मॅडम, इथे स्कॅन करून फाइव्ह स्टार द्या ना, कोकम सरबत फ्री आहे."

मी म्हटलं, "अगं, अजून आत तर जाऊ दे. खाल्लं कुठेय?"

"मॅडम, ते नंतर. आधी स्टार."

पंगत बसायच्या आधीच ढेकर मागण्यातला प्रकार! पण आमच्या घरातले तिघं मोबाईल काढून बसलेसुद्धा. ह्यांना तर स्टार कसे देतात तेही माहीत नव्हतं, प्रीतीने ह्यांचं बोट धरून दाबलं. "फुकट मिळतंय ना, मग काय जातंय," हे म्हणाले. फुकटातलं सरबत म्हणजे गुलाबी पाणी निघालं. तेही ह्यांनी दोन ग्लास घेतलं.

आत टेबल मिळालं तेव्हा पोटात कावळ्यांनी सभा भरवली होती. आकाश नावाची पट्टी लावलेला वेटर आला. रूपेशने मटण थाळी सांगितली, ह्यांनी चिकन थाळी, प्रीतीने पनीरचं काहीतरी. मी म्हटलं, "मला सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. एकदम आणू नका. एकच आणा, पण तव्यावरून काढली की लगेच."

"ओके मॅडम. एकदम हॉट हॉट."

मग कितीतरी वेळ काहीच आलं नाही. म्हणजे जेवण आलं नाही. चार वेटर मात्र थाळ्या बडवत आले, मध्ये मेणबत्ती लावलेला केकचा तुकडा, आणि "हॅपी बर्थडे टू यू" म्हणत प्रीतीभोवती उभे राहिले. रूपेशने टेबल सांगताना माझं नाव, 'प्रतिभा, रिटायरमेंट', असं सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं प्रीती, आणि रिटायरमेंटचं गाणं त्यांच्याकडे नव्हतं. प्रीती बिचारी लाजून लाल झाली आणि मेणबत्ती विझवून मोकळी झाली. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

शेवटी जेवण आलं. ह्यांची थाळी आली, रूपेशची आली, प्रीतीचं पनीर आलं. माझं नाही. तिघांनी हात आखडून माझ्याकडे पाहिलं. वाफा निघत होत्या, रस्सा निवत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही सुरू करा, मी मागून जेवते."

बोलले आणि मलाच माझ्या थोबाडीत मारावीशी वाटली. ज्या वाक्याला काल शाल-नारळ देऊन निरोप दिला, ते हॉटेलातही माझ्या आधी येऊन खुर्चीत बसलं होतं. आणि ह्या तिघांनी तरी एकदा 'नको, थांबतो आम्ही' म्हणावं! पापणी लवायच्या आत तीन हात तीन ताटांत. मला मनापासून राग आला, त्यांचा आणि माझा.

"कसंय?" मी विचारलं.

"चांगलंय," हे म्हणाले. ह्यांना कुठलंही जेवण चांगलंच लागतं, त्यात माझा इतकी वर्षं फायदा झाला म्हणून मी कधी बोलले नाही. रूपेशने ह्यांच्या वाटीत घास बुडवून पाहिला. मग स्वतःच्या वाटीत. "पप्पा, तुमच्या चिकनचा आणि माझ्या मटणाचा रस्सा सेम आहे यार." प्रीतीने हळूच सांगितलं की पनीरचाही तोच आहे.

मग माझी भाकरी आली. टोपलीत, फडक्यात गुंडाळून, चौघडी घालून. हात लावला तर गार. उलगडली तर घडीवर तुटली. कडा पत्र्यासारख्या कडक. मी आकाशला बोलावलं. "ही तव्यावरची आहे?"

"हो मॅडम."

"कधीच्या तव्यावरची?"

तो ती घेऊन गेला आणि तीच परत घेऊन आला. आता ती एका बाजूला ओली होती आणि दुसऱ्या बाजूला चामडं. आतल्या मशिनीत फिरवून आणलेली, मला काय कळत नाही का! हे म्हणाले, "असू दे ना आता. रस्सा घे थोडा, त्यात कुस्करून खा."

"अहो, कुस्करून खायची तर मी घरी कुस्करली असती!" माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. "मला तवा बघायचाय," मी म्हटलं आणि उठले.

तवा सापडला. काउंटरच्या मागे भिंतीवर टांगलेला, चांगला बैलगाडीच्या चाकाएवढा, भोवती पिवळे दिवे लावलेले, आणि त्याच्यावरच पांढऱ्या रंगाने लिहिलेलं: 'तव्यावरून थेट ताटात'. लोक त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी काढत होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात ते उगाच नाही.

काउंटरवरचा मॅनेजर उभा राहिला. "मॅडम, काही प्रॉब्लेम? आमचं फोर पॉइंट एट आहे."

"त्यातले पंधरा स्टार माझ्या घरचेच आहेत, मघाशी दारात दिलेले, एका घोट पाण्यावर. भाकरी कोण करतं तुमच्याकडे?"

"मॅडम, आपल्या इथे भाकरी गावच्या आजीच्या हातची असते. ऑथेंटिक."

"बोलवा आजीला."

तो डोकं खाजवायला लागला. मी त्याच्या बाजूने स्वयंपाकघरात डोकावले. शेगडीवर तिन्ही रश्श्यांचं एकच पातेलं उकळत होतं. आजी नव्हती. गरम करायची मशीन होती, आणि मशिनीशेजारी स्टीलचा मोठा गोल डबा, झाकण उघडं, आत फडकं आणि भाकऱ्यांचा चुरा. डबा ओळखीचा वाटला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते हरवू नये म्हणून. झाकणावर टिंबटिंबांनी नाव घातलेलं होतं: गोजरबाई.

गोजरबाई म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या मागच्या चाळीतल्या गोजरमावशी. वांगणीकडच्या गावातून येऊन राहिलेल्या. त्या कुठल्यातरी हॉटेलाला भाकऱ्या देतात एवढं मला ऐकून माहीत होतं. कंपनीच्या पाळ्यांमध्ये कुठलं हॉटेल हे विचारायला वेळ झाला नाही. म्हणजे झालं असं, की माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जिच्या घराचे पत्रे दिसतात, तिच्या तव्यावरची भाकरी सकाळी रिक्षात बसून अंबरनाथला आली, आणि दुपारी तिच्या मागोमाग रिक्षाचं भाडं भरून मी आले, ती गार झाली आहे का बघायला! मला इतका संताप आला की हसूच फुटलं.

"हा डबा परत कधी जातो?" मी मॅनेजरला विचारलं.

"आत्ता रिक्षावाला नेईल. संध्याकाळचा माल आणायला."

"द्या इकडे. मी तिकडेच चाललेय."

सत्काराच्या साडीवर, मांडीवर रिकामा डबा घेऊन मी रिक्षात बसले. पुलाच्या अलीकडे प्रीती हळूच म्हणाली, "आई, घरी गेल्यावर थोडी खिचडी टाकू या का?"

टाकू या! ह्या 'या'मध्ये कोण कोण असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

"मला पण थोडी," रूपेश म्हणाला.

"मऊसर कर," हे म्हणाले. ह्यांनी तर थाळी चाटूनपुसून खाल्ली होती.

"मी डबा देऊन येते," एवढंच म्हटलं आणि चाळीच्या तोंडाशी उतरले.

गोजरमावशींचं दार उघडंच होतं. संध्याकाळच्या भाकऱ्यांसाठी त्यांनी नुकता तवा ठेवला होता, परातीत उकडीचं पीठ मळलेलं. मला साडीत बघून म्हणाल्या, "काय गो प्रतिभा, लग्नाला जाऊन आयलीस का? आनि माझा डबा तुझ्याकडं कसा?"

मी कडाडून बोलायचं ठरवूनच आले होते. पण त्यांनीच पुढे विचारलं, "हाटेलान गेलतीस? कशी लागली गो भाकर? लोकं आवडीनं खातात ना?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "गार होती, मावशी. चामड्यासारखी. टाकून दिली मी."

त्यांचा हात परातीत थांबला. "सकाली सात वाजता बांधून देतू. दुपारपातूर ती गरम कशी रेल? मी बोललू त्यांना, मी येतू, हितंच थापतू. तर बोलले जागा नाय." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे तू जेवलीसच नाय?"

"नाही."

"बस."

मी पाटावर बसले. त्यांनी गोळा घेतला, पाण्याचा हात लावला आणि थापायला लागल्या. पट पट पट. गेली कितीतरी वर्षं हा आवाज मी फक्त माझ्याच हातातून ऐकला होता. बसून ऐकायला वेगळाच लागतो. भाकरी तव्यावर पडली, उलटली, टम्म फुगली, आणि त्यांनी ती बोटांनी उचलून थेट माझ्या ताटात टाकली. मोडली तर आतून वाफ आली आणि चष्म्यावर बसली. बाजूला लसणाची चटणी. पहिल्या घासाला जीभ भाजली. मला रडू आलं ते जीभ भाजल्यामुळे नाही, हे मी इथे सांगून टाकते. सुख झालं. फार सुख झालं.

दुसरीही ताटात पडली. तेव्हा मला दिसलं, की ओट्यावर मावशींचा सकाळचा चहाचा कप तेवढा धुऊन उपडा घातलेला होता. जेवल्याचं ताट नव्हतं, वाटी नव्हती.

"मावशी, तुम्ही जेवलात?"

"मी काय गो, ह्या झाल्या की मागून जेवतू. तू खा."

झालं! माझी सगळ्या दिवसाची आग एकदम डोक्यात गेली. "मागून नाही!" मी ओरडलेच. "उठा तिथून. बसा इकडे. आत्ता!"

"अगो, हाटेलाची रिक्षा येल—"

"येऊ दे. त्यांनी स्टार आधीच घेतलेत. बसा म्हणते ना!"

हसत, कुरकुरत त्या पाटावर बसल्या, आणि बसल्यावर हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. मी त्यांच्यापुढे ताट मांडलं, साडीचा पदर खोचला, हात धुतले आणि गोळा घेतला. निरोपाच्या साडीवर पीठ उडालं तर उडालं. माझी भाकरी फुगली तशी मी ती उचलली आणि थेट त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी तिला हात लावला आणि पटकन मागे घेतला. "गरम हाय गो," म्हणाल्या, जणू तक्रारच.

तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला. एकदा वाजून थांबला, मग परत.

"घरनं हाय वाटतं," मावशी घास तोंडात घेऊन म्हणाल्या. "घे ना."

"वाजू दे," मी पुढचा गोळा थापत म्हटलं. "भूक लागली असेल. आज ते मागून जेवतील."