इंजिन बंद केल्यानंतर

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, तीन हजार फुटांवर, तनुजानं इंजिन बंद केलं. नाकावरचा पंखा दोन गचके खाऊन थांबला. विमानात ती एकटीच होती.

तिच्याकडं लायसन होतं. दोनशे बारा तास उड्डाण झालेलं होतं, पण ते सगळं इंजिनाच्या आवाजात. नोकरीची दोन वर्षं वाट पाहून झाल्यावर ती देवगाव रंगारीच्या माळावरच्या खासगी धावपट्टीवर मोटर ग्लायडर शिकायला आली होती. हे विमान इंजिनावर वर चढतं आणि ते बंद केलं की लांब पंखांवर तरंगत राहतं. लायसन असताना परत काय शिकायचं, असं उस्मानपुऱ्यातल्या घरी आईनं विचारलं होतं. शिकवणारे इंद्रजीतसर लायसनवाल्यांना जावई म्हणत. इंजिनानं मानपान केला नाही की लगेच रुसतात, म्हणत.

आजचं काम साधं होतं. पाच किलोमीटरच्या आत राहायचं, आणि चाकं थांबेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही. तनुजानं मान डोलावली होती. मनात मात्र तिनं वेगळंच ठरवलं होतं. सर शेजारी असताना इंजिनाशिवाय तीनदा उतरून झालं होतं आणि तिन्ही वेळा विमान आपटलं होतं. अशा उतरण्यात चूक झाली की पुन्हा वर जाता येत नाही. म्हणून आज हजार फुटांवर आली की गुपचूप इंजिन चालू करायचं आणि आपल्या सवयीनं उतरायचं.

समोर चार घारी वर उठणाऱ्या गरम हवेत पंख न हलवता चढत होत्या. ती त्यांच्या शेजारी जाऊन घिरट्या घालू लागली. उंचीचा काटा चार हजार दोनशेवर गेला. उंची होती तोवर उतरणं लांबणीवर पडत होतं, त्यामुळं ती उंची सोडवेना. पश्चिमेचा वारा प्रत्येक घिरटीला तिला थोडं थोडं खुलताबादच्या डोंगराकडं नेत होता. ते तिला दिसत होतं. इंजिन आहे की, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

दहा पंचावन्नला तिनं विमान वळवलं तेव्हा धावपट्टी पंधरा किलोमीटरवर होती आणि वारा तोंडावर. घारी मागं राहिल्या. आता हवा खाली ओढत होती. पाच मिनिटांत दोन हजार फूट गेले.

अकरा वाजता तिनं, तरंगताना वाऱ्याच्या रेषेत वळवून ठेवलेली पंख्याची पाती इंजिन चालू करायच्या कोनात आणली आणि किल्ली फिरवली. पंखा अर्धा वळला आणि अडला. पुन्हा फिरवली. नुसती टकटक. आडव्या झालेल्या पात्यांनी वारा अडवला आणि विमान जास्तच वेगानं खाली जाऊ लागलं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. हात किल्लीवरून निघत नव्हता. चौथ्यांदा किल्ली फिरवून तिनं रेडिओचं बटण दाबलं.

"सर, इंजिन चालू होत नाहीये."

"तुला ते चालू कर म्हणलं कुणी?" आवाज चढला नव्हता. "कुठं हायेस?"

"आठ किलोमीटर. उंची नऊशे."

सर म्हणाले, "इथं पोचत नाय तू. पोरी, हात काढ त्या किल्लीवरून. पाती परत फिरव. आता शेत बघ."

तिनं पाती फिरवली. खाली ऊस होता, विहिरी होत्या, बांधावर बाभळी होत्या. उसात उतरता येत नव्हतं. डावीकडं गव्हाचं रान दिसलं, काढणी झालेलं, पिवळं, लांबट. तिनं तेच धरलं आणि सरांना कळवलं. दिशा विचारून घेत सर म्हणाले की जीप निघाली. मग एवढंच म्हणाले, "खांब बघ. तार दिसत नसती, खांब दिसतात."

चारशे फुटांवर ती रानाच्या रेषेत आली. डावा हात सवयीनं एकदा इंजिनाच्या दांड्याकडं गेला आणि तिनं तो ओढून पंखांवरच्या ब्रेकच्या दांड्यावर ठेवला. ब्रेक उघडले की विमान लवकर खाली बसतं.

तेवढ्यात तिला रानाच्या दोन्ही बांधांवर एकेक खांब दिसला. मधे तार असेल तर ती बरोबर वाटेत होती. तारेच्या अलीकडं उतरायचं तर ब्रेक आत्ता ओढायला हवे होते, पण अलीकडं रान जेमतेम दीडशे मीटर होतं. वरून जायचं तर ब्रेक बंदच ठेवायचे, आणि पलीकडं बांधाला लागून विहीर होती.

"तनुजा, तार हाय का?" रेडिओवर सरांनी विचारलं.

अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. उंची दीडशे फूट. दोन खांब दिसत होते, तार अजून दिसली नव्हती.