चांदीच्या पाण्यातली चिलापी

मी चिलापी बोलतेय. हो, तीच. बाजारात फळीवर मांडलेली असते आणि ताजी आहे का बघायला तुम्ही जिचे कल्ले उचकटता, ती. जरा नीट बघत चला. माझ्या कल्ल्यांत चांदी आहे.

आमच्या तळ्याशेजारी मोज्यांचा कारखाना आहे. पायांना घाम येतो, घामाला वास येतो, एवढ्यासाठी या शहाण्यांनी मोज्यांना चांदीचे कण लावले. इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना नॅनोकण म्हणतात म्हणे. मोजे धुतले की त्यातले थोडे पाण्यात उतरतात आणि ते पाणी पाइपातून थेट आमच्या तळ्यात येतं. पाय धुवायचं सुचलं असतं तर एवढा खटाटोप वाचला असता.

कारखाना थोरल्या भावाचा, तळं धाकट्याचं. मासे उलटे तरंगायला लागले, तरी धाकट्याच्या तोंडून शब्द फुटेना. "दादाला कसं बोलायचं?" असं पुटपुटत तो मेलेले मासे बांधाआड पुरायचा. थोरल्यापेक्षा मला याचाच जास्त राग यायचा.

शेवटी त्यांची बहीण आली. ती प्रयोगशाळेत काम करते. धाकटा तिला ताई म्हणतो, म्हणून मीही म्हणते. तिने शेडमध्ये काचेच्या दोन टाक्या मांडल्या. दोन्हींत तेच चांदीचं पाणी. एकीत साधं खाद्य, दुसरीत शेवग्याचा वाळवलेला पाला घातलेलं. मी पाल्याच्या टाकीत पडले, माझी सख्खी बहीण साध्या खाद्याच्या. यात हुशारी कुणाचीच नव्हती. जाळी जशी उपडी झाली तसं झालं.

पाला कडवट. पहिला घास मी थुंकून टाकला. मग भुकेने खाल्ला. हळूहळू श्वास मोकळा झाला, शेपटीत बळ आलं. काचेपलीकडे मात्र माझी बहीण पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळत होती. तिचे कल्ले चिकट पडले होते. एका सकाळी ती तळाशी आडवी दिसली. ताईने तिला कापून आतलं सगळं तपासलं. ताईचे डोळे भरले होते, पण सुरी काही थांबली नाही. माणसांचं रडणं हे असं.

मग तिने दोन्ही भावांना बोलावलं.

"पाल्यामुळे विषाची बाधा कमी होते. पण..."

'पण'च्या पुढचं ऐकायला थोरल्याला सवड कुठली! "वा! मग पाणी गाळायचं यंत्र कशाला बसवायचं? पाल्याची पोती आणू."

"अरे दादा, कमी होते म्हटलं मी, जाते नाही म्हटलं. पाणी तसंच आहे."

"मासे जगले ना? मग झालं तर!"

ताईने जाळी घातली आणि मला वर उचललं. "मग ही घरी ने. वहिनीला सांग, आज हीच शिजव."

थोरला मागे सरकला. "नको गं. घरात मुलं आहेत."

मी जाळीत तडफडत होते, तरी त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही. काय बोलून बसलो ते त्याला उशिरा कळलं.

"आणि मी बाजारात नेतो ते मासे, दादा? ते कुणाच्या घरी जातात?" धाकट्याने विचारलं. उत्तरासाठी तो थांबला नाही. बाहेर गेला आणि पाइपाची चावी आवळून आला. ताईने मला पाण्यात सोडलं.

आता मी तळ्यात आहे. पाणी उपसून नवं भरलंय, पाला अजून मिळतो. थोरला शरमला असेल, असं वाटतंय तुम्हाला? त्याने पाइप मागच्या ओढ्यात वळवला! ओढा कुणाच्या मालकीचा नाही, म्हणजे तुमच्या लेखी तिथे कुणी राहतच नाही. तिथल्या माशांना पाला घालायला कोण जाणार?

काल धाकटा ओढ्याच्या काठावर उभा राहून थोरल्याशी भांडत होता. जन्मात पहिल्यांदा. पण हटला नाही. ताई सोडली तर त्याच्या बाजूने कुणी नव्हतं. तुमच्यातल्या कुणाला लाज शिल्लक असेल, तर त्याच्याशेजारी जाऊन उभे राहा. विनवायला मला हात नाहीत. असते, तरी तुमच्यापुढे जोडले नसते.